ओलं आहे तोवर

१

निखारे सरांचा राग नाकावर असतो असं कोणी म्हटलं, तर तो त्यांच्या रागाचा अपमान झाला असता. नाकावर बसून राहायला त्या रागाला सवड कुठे होती? तो सदा कामावर. सकाळी सहाला मुलं जमली की स्कूटर स्टँडवर लावायच्या आधी पहिली डरकाळी, आणि साडेनऊला ऊन सोसेनासं होऊन सगळे उठले की जाता जाता शेवटची.

रुपराव निखारे एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. राहायला नागपूरला, प्रताप नगरात. दर रविवारी ते सहा-सात मुलामुलींना शहराबाहेर नेत आणि उघड्यावर बसवून जलरंगात निसर्गचित्रं काढायला शिकवत. मे महिन्यातसुद्धा. घरी कूलरसमोर बसून झाड काढणारा माणूस लोणच्याच्या बरणीवरचा आंबा काढतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मांडत.

नागपूरच्या उन्हाळ्यात जलरंगवाल्यांची एक पंचाईत असते. कागदावर रंग लावला की कुंचला उचलायच्या आत तो वाळतो. हात चुकला तर दुरुस्तीला जेमतेम चार श्वासांचा वेळ. तेवढ्यात सुती फडक्यानं रंग टिपून घेतला तर कागद पुन्हा पांढरा होतो. वाळला तर मग डोकं आपटलं तरी निघत नाही. म्हणून सरांचा सगळ्यात लाडका शब्द होता, "पुस!" पन्नास पावलांवरून तो सुटला की कोणासाठी आहे हे न बघता सगळ्यांचे हात फडक्याकडे जात. काय चुकलं, काहून पुसायचं, हे विचारायची सोय नव्हती.

अश्लेषा या वर्गात सगळ्यात लांबून यायची. काटोलहून, पहाटेच्या पहिल्या एसटीनं. वडील संत्र्याच्या मंडीत वजनकाट्यावर, आई घरी, आणि पोरगी बी.ए. होऊन रविवारी झाडं काढायला जाते हे दोघांनाही अजून नीट पचलेलं नव्हतं. सरांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं आणि तिसऱ्यांदा नाइलाजानं घेतलं होतं. नावानं ते तिला कधी हाक मारत नसत. "ए काटोल!" एवढंच. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचाच आहे, हे सरांना कळत होतं, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त शिव्याही तिलाच बसत. तिला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. कधीतरी तिच्या बोर्डापाशी थांबून त्यांनी "छान" म्हणावं. दीड वर्ष झालं होतं.

२

मेच्या पहिल्या रविवारी सर त्यांना काटोल रोडवरून आत असलेल्या, मालगुजारांनी बांधलेल्या एका जुन्या तलावावर घेऊन गेले. तलाव म्हणायचा तो नावाला. पाणी एप्रिलमध्येच आटलं होतं, तळाला भेगा पडल्या होत्या. पलीकडच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, एकच मोठं मोहाचं झाड, त्याला तांबूस नवी पालवी. सर म्हणाले, तीन रविवार इथंच. एका जागेशी तीन वेळा भांडल्याशिवाय ती जागा आपली होत नाही.

अश्लेषानं आभाळ लावलं, पाळ लावली, झाड बसवलं. हात आज भलताच मोकळा चालत होता. अर्ध्या तासात चित्र झालं आणि कागद खडखडीत वाळला, एक जागा सोडून. मोहाच्या बुंध्याजवळ, जमिनीला टेकून, अंगठ्याएवढा एक भाग ओलाच होता. तिनं बोर्ड तिरका करून पाहिला. पाणी चमकत होतं. फुंकर मारली, दुपट्ट्यानं वारा घातला, दहा मिनिटं वाट पाहिली. बोट लावलं तर बोट ओलं झालं.

"काय टाकलं पाण्यात?"

सर मागे उभे होते.

"काहीच नाही सर."

"ग्लिसरीन टाकलं ना?"

काही चित्रकार पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकतात, म्हणजे रंग सावकाश वाळतो. सरांच्या लेखी हे पाप होतं. उन्हाशी भांडायचं, त्याला लाच द्यायची नाही.

"नाही सर, खरंच नाही. हापशीचं पाणी आहे, सगळ्यांनी घेतलं तेच."

सरांनी तिच्या मगात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ग्लिसरीन गोड लागतं. पाणी गोड नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण जिभेनं दिलेला निकाल तोंडानं मान्य केला तर ते निखारे सर कसले!

"धुऊन आणला असंन तो मग. मले शिकवून राहिली का तू? चाळीस वर्षं पोरं पाहिली मी. लबाडी करायची असंन तं घरी बसून कर, माझ्या वर्गात नाही!"

सगळ्यांच्या माना खाली. शेजारी बसलेला साहिल आपल्या कागदावरचं आभाळ उगाच पुन्हा रंगवू लागला. त्याच्या पलीकडच्या वैभवीनं ओठ चावले. अश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सामान आवरलं.

३

घरी येऊन तिनं चित्र पत्र्यावर टाकलं. त्या दिवशी काटोलात पंचेचाळीस होतं. पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसत होता. संध्याकाळी कागद पापडासारखा वळलेला होता आणि तो अंगठ्याएवढा भाग ओला होता.

अश्लेषा काही भुताखेतावर भरवसा ठेवणारी पोरगी नव्हती. तिनं डोकं चालवलं. कागदाला त्या जागी काही तरी लागलं असेल. हाताचं तेल, मीठ, भाकरीचा कण. गिरणीतच कागद खराब निघाला असेल. कूलरची दमट हवा म्हणावी, तर चित्र कूलरपाशी नेलंच नव्हतं. तिनं मोबाइलवर फोटो काढून वैभवीला पाठवला. वैभवीनं लिहिलं, छान चमकतंय गं, कसं केलंस? म्हणजे हिलाही ग्लिसरीनच वाटत होतं. अश्लेषानं फोन गादीवर आपटला.

बुधवारपर्यंत तिनं चित्राकडे पाहिलं नाही. बुधवारी आईनं कपाटावरून पापडाचा डबा काढताना ते खाली काढलं आणि हातात धरून उभी राहिली.

"हा कोण बसला वं झाडाखाली?"

"कोणी नाही. कोणी काढलं नाही मी."

"मले तं माणूस दिसते बाप्पा. असा गुडघे उभे करून."

अश्लेषानं कागद ओढून घेतला. बुंध्याचा तपकिरी आणि मातीचा पिवळा, दोन्ही रंग त्या ओल्या जागेत उतरले होते. ओल्या जागेत शेजारचा रंग ओढला जातो, त्यात नवल काही नाही, ते पहिल्या महिन्यात शिकवतात. पण शेजारचे रंग रविवारीच वाळले होते. वाळलेला रंग ओढला जात नाही.

तिनं फडकं घेऊन ती जागा टिपली. रंग लगेच निघाला, पांढरा कागद दिसला. आईला "पाहा, काही नाही" असं ती म्हणणार, तेवढ्यात कागद पुन्हा ओला झाला. हळूहळू, आतून, कपाळाला घाम यावा तसा. तेवढाच भाग, तेवढ्याच कडा.

आई देवघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

४

दुसऱ्या रविवारी सर तयारीनिशी आले होते. त्यांनी अश्लेषाची थैली बाजूला ठेवायला लावली. कागद त्यांचा, रंग त्यांचे, कुंचला त्यांचा. पाणी त्यांनी स्वतः हापशीवरून आणलं. आणि हात मागे बांधून तिच्या डोक्यावर उभे राहिले.

चोराला पकडायला पोलीस उभा राहतो तसा हा माणूस माझ्यापाशी उभा आहे, असं अश्लेषाच्या मनात एकसारखं येत होतं, आणि त्या रागात तिचा कुंचला वाजवीपेक्षा जोरात चालत होता. आभाळ, पाळ, झाड. मोहाखालची जमीन तिनं मुद्दाम कोरड्या कुंचल्यानं, जवळपास बिनपाण्यानं काढली.

कागद वाळला. बुंध्याजवळचा भाग चमकत राहिला.

"पुस!" सर ओरडले.

तिनं पुसला. दोघांच्या डोळ्यांदेखत कागद पांढरा झाला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत पुन्हा ओला झाला. अश्लेषानं मान वर करून सरांकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी वेगळा होता. गाल उतरले होते, तोंड थोडं उघडं होतं. साठीच्या पुढचा एक साधा, घाबरलेला म्हातारा. तिला बरं वाटलं. आता हे म्हणतील, चुकलं माझं, असं तिला खरोखर वाटलं.

पण सरांना भीती वाटली की तिचं काय करायचं, हे त्यांना एकच ठाऊक होतं. त्या भीतीचाच त्यांनी राग बनवला.

"मले येडा समजते का तू? कागदाले काय चोपडलं? हाताले लावून आली ना घरून काही तरी?"

"कागद तुमचा आहे सर!"

"आवाज खाली!" सरांचा स्वतःचा आवाज पलीकडच्या पाळीवर आदळून परत आला. "पुढचा रविवार शेवटचा. मी स्वतः जातो तिथं, त्या झाडाखाली उभा राहतो. पाहतोच काय आहे तं. तू इथं बसून काढ, आणि ह्या वैभवीनं तुझ्या हाताकडं पाहायचं. ओलं राहिलं तं परत तोंड दाखवायचं नाही. समजलं का काटोल?"

फाट्यापर्यंत साहिलनं तिला गाडीवर सोडलं. उतरताना म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना. काय जाते तुझं?"

"कशाचं सॉरी म्हणू?"

"अगं, त्यांना थोडंच काही पडलंय. सॉरी ऐकलं की विसरतात ते."

"त्याहीनं म्हणावं मले सॉरी," अश्लेषा म्हणाली. बोलताना तिचे दात एकमेकांवर घासत होते. "असं हात जोडून, सगळ्याहीच्या समोर. तवा विसरतो मी."

बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून तिनं सरांना मनातल्या मनात एकेक ऐकवलं. दीड वर्षाचं साचलेलं होतं, काटोल यायच्या आत संपलं नाही. हा माणूस एकदा तरी गप्प बसावा. एकदा तरी गोड बोलावा. याचा राग कोणी तरी उपटून काढून बाजूला ठेवावा.

५

तिसऱ्या रविवारी सकाळी साडेसहालाच झळा लागत होत्या. सर डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून पाळीवरून चालत निघाले. दीडशे पावलं असतील. मोहाखाली पोहोचल्यावर त्यांनी बुंध्याला एक फेरी मारली, पायानं माती उकरून पाहिली, आणि तोंडाशी हात धरून ओरडले, "काही नाही इथं! कोरडं ठक्क आहे! कर सुरू!"

अश्लेषानं सुरू केलं. वैभवी बाजूला बसली होती, ती आधी नीट पाहत होती, मग मोबाइल पाहू लागली. साहिल चार हातांवर आपल्या बोर्डात डोकं घालून बसला होता. आभाळ झालं, पाळ झाली. झाडाखाली सर उभे होते तेवढी जागा अश्लेषानं कोरी सोडली. त्यांना ती काढणार नव्हती. दीड वर्षातली ही तिची पहिली बंडखोरी होती, आणि तिला तिची गंमत वाटत होती.

सोडलेली जागा ओली झाली.

तिनं कुंचला खाली ठेवला. बुंध्याचा तपकिरी आत सरकला, पाळीचा पिवळा आत सरकला, आणि वर पांढऱ्या कागदाची एक पट्टी तशीच राहिली, डोक्याला गुंडाळलेल्या दुपट्ट्याएवढी. एक माणूस होत होता. गुडघे उभे करून बसलेला. अश्लेषानं वर पाहिलं. सर तर उभेच होते, कमरेवर हात ठेवून, तिच्याकडे तोंड करून. तिनं खाली पाहिलं. कागदावरच्या माणसाच्या मागे, बुंधा आणि तो यांच्या मधे, आता आणखी काही तरी ओलं होतं. त्याला रंग नव्हता. नुसतं पाणी होतं आणि ते वाकलेलं होतं.

"ए काटोल!" पलीकडून आवाज आला. "पुस!"

साहिलचा आणि वैभवीचा हात सवयीनं आपापल्या फडक्याकडे गेला.

"पुस ते! पुस लवकर!"

अश्लेषानं फडकं उचललं. मग तिच्या मनात आलं, इतक्या दुरून यांना माझा कागद दिसतो? काय चुकलं हे न बघताच पुस? तीन आठवडे मी पुसते आहे. दीड वर्ष मी पुसते आहे. यांनी ओरडायचं आणि मी पुसायचं, हेच चालणार का जन्मभर? डोकं असं तापलं की कानशिलं ठणकू लागली. तिनं फडकं मुठीत घट्ट दाबलं आणि हात मांडीवर ठेवून दिला.

"नाही पुसत," ती स्वतःशी म्हणाली. "जा."

"अरे पुसा रे कोणी!"

"आज लयच भडकले बे सर," साहिल मान खाली घालून हसला. वैभवीही हसली. वर कोणीच पाहिलं नाही. सर भडकले की वर पाहायचं नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं.

ओल्या जागेची कड आत सरकू लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच ती वाळत होती. कडेनं चमक जात होती, मधे थोडी उरली होती, तेवढ्या उरलेल्या ठिकाणी माणसाचं तोंड होतं.

"अश्लेषा!" आवाज चिरकला. "अश्लेषा, पुस वं माय! पाया पडतो तुह्या, पुस!"

तिनं वर पाहिलं. मोहाखाली सर दिसले नाहीत. नुसती झळ थरथरत होती. तिनं कागदाकडे पाहिलं, फडकं टेकवलं, दाबलं, उचललं. फडकं कोरडं निघालं.

पलीकडे आता अगदी शांत होतं. मग बुंध्यामागून सर बाहेर आले, कपडे झटकले आणि पाळीवरून सावकाश चालत परत निघाले.

६

ते येऊन तिच्यासमोर उभे राहिले. बोर्ड तिच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून होता. त्यांना फक्त मागची फळी दिसत होती.

"छान आहे," सर म्हणाले.

साहिलच्या हातातून कुंचला पडला.

"चुकलं माझं, बेटा. मी उगाच बोललो तुले. तू कशाले लबाडी करशील?" आणि त्यांनी हात जोडले. सगळ्यांच्या समोर.

अश्लेषाला आनंद झाला, खोटं कशाला बोला? छातीत काही तरी सुटल्यासारखं झालं आणि डोळे भरून आले. दीड वर्षाचं एका वाक्यात फिटलं. पण तो आनंद डोळे पुसेपर्यंतच टिकला. जोडलेल्या हातांवरून पाणी गळत होतं. मनगटावरून बाह्यांत, बाह्यांवरून खाली. शर्ट अंगाला चिकटलेला होता. घाम म्हणावा तर चेहरा कोरडा, ओठांवर पांढरी साल धरलेली. एक थेंब तिच्या बोर्डाच्या कडेवर पडला. चटके बसणाऱ्या उन्हात तो थेंब तिथंच गोल राहिला.

"सर, काय झालं होतं तिथं? काहून ओरडले तुम्ही?"

"मी? मी कुठं ओरडलो?" सर हसले. त्यांचे दात इतके सरळ आहेत हे कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. "चला, दाखवा सगळ्यांनी."

साहिलनं भीत भीत आपला कागद पुढे केला. आभाळ गढूळ झालं होतं, झाडाला मान नव्हती. मागच्या रविवारी एवढ्यासाठी सरांनी बोर्ड भिरकावला असता.

"छान," सर म्हणाले. वैभवीलाही छान. कोऱ्या कागदालाही त्यांनी छान म्हटलं असतं.

अश्लेषानं आपल्या चित्राकडे पाहिलं. सगळं खडखडीत वाळलं होतं. झाडाखाली बसलेला माणूस अर्ध्या बोटाएवढा होता आणि त्याचं तोंड पूर्ण उघडं होतं. एक हात पुढे आलेला, तळवा उघडा, पाटी पुसताना असतो तसा. तिनं फडकं मगात बुडवून ती जागा घासली. कागदाचा लगदा निघाला, रंग तसूभर हलला नाही. ती घासत राहिली. वैभवी म्हणाली, "अगं फाटेल ना!"

७

परतीच्या वाटेवर फाट्यावरच्या टपरीत ते नेहमी तर्री-पोहे खात, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेले पोहे. सर बाकावर बसले, सगळ्यांशी बोलले, साहिलच्या आईची तब्येत विचारली. टपरीवाल्यानं तर्री सांडली तरी त्याला म्हणाले, राहू दे. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. सर सुधारले! मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता.

अश्लेषानं आपली बशी बाजूला सारली. तिला तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. पाया पडतो तुह्या. रागावलेला माणूस पाया पडतो म्हणत नाही. आयुष्यभर या माणसानं रागाखेरीज दुसरा सूर लावलाच नाही, म्हणून त्यानं जीव तोडून हाक मारली तेव्हाही सगळ्यांना वाटलं, भडकलाय. शेवटी शेवटी तर हा राग नाही हे तिला जाणवलं होतं, तरी हात उशिरा हलला. तिनं फडकं मुठीत दाबून धरलं होतं. आता तिला संताप आला तो स्वतःचा, आणि समोर बसून पोहे चिवडणाऱ्या त्या शांत माणसाचा. घास एकही त्याच्या तोंडात गेला नव्हता.

हे खरे सर असतील तर भडकतील, एवढंच पाहायला ती उठून उभी राहिली.

"ए रुपराव!"

टपरीतले सगळे वळले.

"काय रे हसतो तिथं बसून? लाज नाही वाटत? चाळीस वर्षं पोराहीले शिव्या देल्ल्या, एक चित्र धड शिकवलं का तुनं? येडझवा म्हातारा! ऐकून राहिला का?"

"अश्लेषा!" वैभवीनं तिचा दंड धरला. "डोकं फिरलं का तुझं? ते सॉरी म्हणाले ना तुला! हात जोडले त्यांनी!"

"रागव ना!" अश्लेषा किंचाळली. "रागव माह्यावर! एक तं शिवी दे!"

तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. साहिल मधे येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच तिच्याशी कडक आवाजात बोलला, की पुरे आता, निघ इथून, परत येऊ नको. टपरीवालासुद्धा म्हणाला, अशी कशी पोरगी आहे? सगळेच भडकले होते. एक सर सोडून.

"बोलू द्या तिले," सर म्हणाले. "ऐकून राहिलो बेटा. बोल."

ते उठले तेव्हा बाकावर त्यांच्या बैठकीएवढा ओला ठसा होता. मुलं गाड्या काढून गेली, सर स्कूटरवरून गेले, ऊन डोक्यावर आलं. ठसा वाळला नाही.

८

पुढच्या रविवारी वर्ग दुसरीकडे होता. अश्लेषाला कोणी कळवलं नाही, तिला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहातून काढून टाकलं होतं. ती एकटी तलावावर गेली. चित्र तिनं दोन पुठ्ठ्यांत घालून, वरून साडीचा तुकडा बांधून, छातीशी धरलेलं होतं. आठ दिवस ते तिच्या उशाखाली होतं. आईला तिनं दाखवलं नव्हतं.

ती त्याच जागी बसली आणि तेच चित्र पुन्हा काढू लागली. मोहाखालची जागा कोरी सोडली आणि वाट पाहिली. कागद पांढरा, कोरडा. तिनं तिथं पाणी लावलं. कुंचला उचलायच्या आत ते वाळलं. पुन्हा लावलं. सात वेळा, आठ वेळा. फडकं हातात तयार होतं, टिपायला काही नव्हतं.

मग ती पाळीवरून चालत मोहापर्यंत गेली. तिथं कोरडी माती होती, मोहाची वाळकी पानं होती, सरांच्या चपलेनं उकरलेला खड्डा होता. तिनं हाका मारल्या. "सर! ओरडा ना सर! मी पुसतो, तुम्ही सांगा!" घसा बसेपर्यंत मारल्या. पलीकडून तिचाच आवाज परत आला.

साडेदहाला ती फाट्यावर पोहोचली. टपरी बंद होती. बाकावर सर बसले होते.

"आलीस का बेटा," ते म्हणाले. "किती ऊन झालं. ये, सावलीत ये."

ती उन्हातच थांबली. सरांचा शर्ट छातीपासून खालपर्यंत ओला होता आणि बाकाखालच्या धुळीत चिखल झाला होता.

"ते चित्र दे माझ्याजवळ. मी नीट ठेवतो. तुझ्या घरी कोणी पाणीबिणी सांडवंन त्याच्यावर."

अश्लेषानं पुठ्ठे दोन्ही हातांनी कवटाळले. "नाही देत."

"बरं," सर म्हणाले. ते रागावले नाहीत. हात मात्र त्यांनी पुढे धरूनच ठेवला, उघडा तळवा वर करून, आणि त्यातून पाणी गळत राहिलं.

"तुम्ही सर नाही," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, नुसती हवा निघाली. "कोण आहे तू? आमच्या सरले काय केलं? तू सर नाहीस!"

"नाही," तो मान हलवून म्हणाला. अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाचं गणित तपासून परत द्यावं तसं. "पण तुले असाच पाहिजे होता ना, बेटा?"

काटोलची बस आली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, यायचं आहे का. अश्लेषा पुठ्ठे कवटाळून त्या उघड्या तळव्याकडे पाहत उभी राहिली.